उत्तेजक आणि गुंगीचे पदार्थ एकत्र घेतल्यास एकमेकांचा परिणाम पुसला जातो का?

प्रश्न: धाकट्याची_ताई (सांगली)

नमस्कार. माझा धाकटा भाऊ २५ वर्षांचा असून पुण्यात नोकरी करतो. शनिवारी रात्री मित्रांच्या खोलीवर तो एमडी, म्हणजे मेफेड्रोन, घेतो, त्याच बैठकीत दारू पितो आणि पहाटे डोळा लागत नाही म्हणून अल्प्राझोलमच्या गोळ्या घेऊन झोपतो. ही गोष्ट मला कोणा तिसऱ्याकडून कळलेली नाही. गणपतीला तो घरी आला तेव्हा त्याच्या बॅगेत गोळ्यांची स्ट्रिप दिसली, मी विचारले आणि त्याने फारसे आढेवेढे न घेता सगळे सांगितले. आईवडिलांना यातले काही माहीत नाही.

मला सर्वांत अस्वस्थ करते ते त्याचे निर्धास्त असणे. त्याचे म्हणणे असे की नुसती पावडर घेणाऱ्यांना त्रास होतो, नुसती दारू पिणारे लोळतात, पण दोन्ही बेताने घेतले की एकाने चढते, दुसऱ्याने उतरते आणि हिशेब बरोबर होतो. छातीत धडधड वाढली की एक पेग, गुंगी आली की पुन्हा थोडी पावडर आणि शेवटी झोपेसाठी गोळी, असा त्यांचा ठरलेला क्रम आहे. तो शिकलेला आहे, वाचतो, आणि उत्तेजक पदार्थामुळे तब्येत बिघडलेल्या रुग्णाला रुग्णालयातही गुंगीचीच औषधे टोचतात, असे मलाच उलट ऐकवतो. मी वाणिज्य शाखेची. त्याचा मुद्दा ऐकायला बरोबर वाटतो, मनाला पटत नाही, पण तो नेमका कुठे चुकतो हे मला सांगता येत नाही.

म्हणून जाणकारांना विनंती आहे की व्यसन वाईट, एवढेच सांगू नये; ते त्यालाही ठाऊक आहे. हे पदार्थ शरीरात एकत्र आले की काय होते, धोका नेमका केव्हा असतो, आणि उद्या रात्री-अपरात्री त्याच्या मित्राचा फोन आला तर मी त्याला काय करायला सांगायचे, हे मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर: भूलतज्ज्ञ_कोल्हापूर

ताई, तुम्ही भावाचा मुद्दा त्याच्याच शब्दांत मांडलात हे फार चांगले केलेत, कारण त्याला उत्तर देता येते. तो मोजतो आहे ते स्वतःला काय वाटते ते. धडधड जाणवेनाशी झाली, गुंगी जाणवेनाशी झाली, की त्याच्या लेखी हिशेब मिटला. शरीराच्या वहीत मात्र दोन्ही रकमा खर्चाच्याच बाजूला मांडल्या जातात.

मेफेड्रोन मेंदूत डोपामिन, सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन या संदेशवाहक रसायनांची पातळी एकदम वाढवते. त्यातून उत्साह येतो, पण त्याच वेळी नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, अंग तापते आणि हृदयाच्या स्नायूला नेहमीपेक्षा बराच अधिक ऑक्सिजन लागू लागतो. दारू आणि अल्प्राझोलम यांचे काम दुसरीकडे चालते. मेंदूला शांत करणारी जी ‘गाबा’ नावाची यंत्रणा आहे, तिच्यावर ही दोन्ही वेगवेगळ्या जागी परिणाम करतात आणि त्यामुळे एकमेकांचा जोर वाढवतात. शुद्ध मंदावते, ठसका लागून श्वासनलिका वाचवण्याची क्रिया ढिली पडते, आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत गेला तरी मेंदूच्या मुळाशी असलेले श्वसनकेंद्र त्याची दखल उशिरा घेते. म्हणजे एका पदार्थाने हृदयाची ऑक्सिजनची मागणी वाढवलेली असते आणि दुसऱ्या दोघांनी पुरवठा कमी केलेला असतो.

याहून घातक भाग झाकण्याचा आहे. उत्तेजक पदार्थ घेतलेल्या माणसाला दारू चढल्याचे जाणवत नाही, म्हणून तो नेहमीपेक्षा जास्त पितो. रक्तातले दारूचे प्रमाण मात्र जेवढे प्याले तेवढेच असते. कॅफीनसारख्या तुलनेने सौम्य उत्तेजकाबाबतही हेच घडते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये कॅफीन मिसळलेली मद्ये बनवणाऱ्या चार कंपन्यांना इशारापत्रे पाठवली, त्यामागचे मुख्य कारण हेच होते की कॅफीनमुळे पिणाऱ्याला आपण किती प्यायलो याचा अंदाज राहत नाही. उलट बाजूनेही तसेच होते. धडधड आणि घबराट ही खरे तर थांबण्याची सूचना असते. दारूने ती दबली की हात पुन्हा पावडरीकडे जातो. तुमच्या भावाचा जो ‘ठरलेला क्रम’ आहे, त्यात दर फेरीला दोन्हींची एकूण मात्रा वाढत जाते आणि त्याला मात्र आपण जागच्या जागी आहोत असे वाटत राहते.

आता धोका केव्हा, हा तुमचा प्रश्न. हे पदार्थ एकाच वेळी शरीरातून बाहेर पडत नाहीत. मेफेड्रोनचे रक्तातले प्रमाण साधारण दोन तासांत निम्मे होते. अल्प्राझोलमला त्यासाठी सुमारे ११ तास लागतात आणि यकृत दुबळे असेल तर त्याहूनही अधिक. दारू यकृतात ठरावीक संथ गतीने जळते. ती गती लिंबूपाण्याने वाढत नाही आणि आंघोळीनेही वाढत नाही. पहाटे पाचला गोळी घेऊन माणूस आडवा होतो, तेव्हा पावडरीचा जागेपणा अजून काहीसा शिल्लक असतो आणि गोळीचा अंमल पुरता आलेला नसतो. पुढच्या दोन-तीन तासांत पावडर ओसरते, गोळी भरात येते, पोटातली दारू अजून रक्तात उतरत असते, आणि मेंदूला जागे ठेवणारे काहीच उरत नाही. त्या वेळी खोलीतले सगळेच झोपलेले असतात. श्वास मंदावणे किंवा उलटी श्वासनलिकेत जाणे बहुधा याच वेळात घडते, आणि सकाळी दहाला कोणी उठवायला जाते तोवर फार उशीर झालेला असतो.

कोकेन आणि हेरॉईन एकत्र घेणाऱ्यांत हाच प्रकार वर्षानुवर्षे दिसत आला आहे. त्या मिश्रणाला तिकडे स्पीडबॉल म्हणतात. अमेरिकन विनोदी नट जॉन बेलुशी ५ मार्च १९८२ रोजी लॉस एंजेलिसमधील एका हॉटेलात त्यानेच गेले, वय ३३. रिव्हर फिनिक्स हे नट ३१ ऑक्टोबर १९९३ रोजी गेले तेव्हा अवघे २३ वर्षांचे होते आणि त्यांच्याही रक्तात कोकेन आणि मॉर्फिन दोन्ही सापडले. कोकेनचा अंमल लवकर सरतो, हेरॉईनपासून शरीरात तयार होणारे मॉर्फिन मागे राहते आणि श्वास दाबते. कोकेनबरोबर दारू घेतली तर आणखी एक गोष्ट घडते: यकृतात दोन्हींपासून कोकाइथिलीन नावाचा तिसराच पदार्थ तयार होतो, तो कोकेनपेक्षा जास्त वेळ टिकतो आणि हृदयाला अधिक अपायकारक असतो. इथे तर पुसणे दूरच, भरच पडते.

रुग्णालयातही हेच देतात, हा त्याचा मुद्दा खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. उत्तेजक पदार्थामुळे बेभान झालेल्या, झटके येणाऱ्या रुग्णाला आम्ही लोराझेपाम किंवा डायझेपाम, म्हणजे अल्प्राझोलमच्याच जातीचे शामक औषध, शिरेतून देतो. ते थोडेथोडे, दर वेळी परिणाम पाहून दिले जाते. बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावलेला असतो. त्याचा आवाज प्रत्येक ठोक्याला येतो आणि रक्तातला ऑक्सिजन उतरू लागला की तो सूर खाली जातो. आम्ही पाठ करून उभे असलो तरी त्या उतरत्या सुरानेच वळतो. हाताशी ऑक्सिजन असतो, श्वास थांबला तर दाबून हवा देण्याची पिशवी असते, घशात नळी घालण्याची तयारी असते. रुग्ण दारू प्यायलेला असेल तर मात्रा आणखी जपून ठरवतो आणि त्याच्या खाटेपासून हलत नाही. इतके सगळे भोवती असते म्हणून ते औषध ठरते. मित्राच्या खोलीवर यातले काहीही नसते, आणि जो देखरेख करणार तोच आधी झोपी जातो.

उत्तर: औषधविक्रेता_नाशिक

डॉक्टरांनी शरीराची बाजू मांडली आहे, मी गोळ्यांची मांडतो.

अल्प्राझोलम हे औषध मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ या अनुसूचीत येते. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही आणि दिले तर रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव आणि किती गोळ्या दिल्या याची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. भावाकडे चिठ्ठी नसेल तर त्या गोळ्या कुठून आल्या हे त्याला जरूर विचारा. आमच्या जिल्ह्यात मालेगावात याच गोळ्या ‘कुत्ता गोळी’ म्हणून चोरून विकल्या जातात आणि पोलिसांनी त्यावर अनेकदा कारवाया केल्या आहेत. चोरीच्या बाजारातल्या स्ट्रिपवर जे छापले आहे तेच आणि तेवढेच आत आहे, याची खात्री देणारे कोणीही नसते. एमडीबद्दल तर बोलायलाच नको. मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे, ते चोरट्या कारखान्यांत बनते, आणि एका पुडीचा जोर दुसऱ्या पुडीसारखा असेल असे मानायला काहीच आधार नाही. बेताने घेतो, असे तुमचा भाऊ म्हणतो. ज्याची मात्राच माहीत नाही ते बेताने घेणार कसे?

आणखी दोन औषधांबद्दल सावध करावेसे वाटते, कारण ती घराघरांत असतात आणि त्यांना कोणी नशा समजत नाही. ट्रामाडॉल हे वेदनाशामक २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. ते अफूच्या जातीचे असल्याने श्वास दाबते, शिवाय झटके येण्याची शक्यता वाढवते आणि सेरोटोनिनही वाढवते. मेफेड्रोनबरोबर ते घेतले तर सेरोटोनिन अति वाढून ताप, थरथर, स्नायू ताठरणे आणि बेशुद्धी असा गंभीर प्रकार होऊ शकतो. कोडीन असलेले खोकल्याचे औषध हे दुसरे. त्यात बहुधा झोप आणणारे अ‍ॅलर्जीचे औषधही असते, म्हणजे बाटली एक आणि गुंगीची औषधे दोन. खोकला झाला म्हणून एखाद्याने त्याच रात्री दोन-तीन झाकणे घेतली, तर गुंगी आणणाऱ्या पदार्थांची संख्या नकळत वाढलेली असते.

जाता जाता व्यायामशाळांचाही उल्लेख करतो. आपल्याकडे काही मुले व्यायामाला जोर यावा म्हणून मेफेन्टरमाईनचे इंजेक्शन चोरून मिळवून घेतात. शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीमुळे उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी ते वापरतात. धडधाकट मुलाने ते संध्याकाळी टोचायचे, रक्तदाब चढवायचा आणि रात्री झोप येत नाही म्हणून दारू किंवा गोळी घ्यायची, हा तुमच्या भावाच्याच क्रमाचा दुसरा अवतार आहे. तो घेणाऱ्यांना मात्र आपण नशा करतो असे मुळीच वाटत नाही, आणि घरचेही पोरगा व्यायाम करतो म्हणून समाधानी असतात.

उत्तर: हितचिंतक_जळगाव

ताई, काळजी करू नका. फार झाले तर मित्रांना सांगून ठेवा की उलटी करवावी, लिंबूपाणी किंवा कडक कॉफी द्यावी, डोक्यावर गार पाणी ओतावे आणि झोपू द्यावे. आमच्याकडे लग्नसराईत असेच करतात आणि सकाळी माणूस ठीक होतो.

उत्तर: भूलतज्ज्ञ_कोल्हापूर

हितचिंतक, तुमचा हेतू चांगला आहे हे उघड आहे, पण यातली एकही गोष्ट इथे करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतले, किंवा त्याला उलटी करवली, तर ते फुफ्फुसात जाण्याची भीती असते. कॉफी म्हणजे आधीच ताणलेल्या हृदयावर आणखी एक उत्तेजक. डोक्यावर गार पाणी ओतल्याने माणूस क्षणभर दचकतो, म्हणून तो शुद्धीवर आला असा भास होतो, पण श्वसनकेंद्रावरचा अंमल तसूभरही कमी होत नाही. आणि ‘झोपू द्या’ हा सल्ला सर्वांत घातक आहे.

ताई, मित्रांना हे सांगून ठेवा. खांदे हलवून, नावाने मोठ्याने हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात चोळूनही तो डोळे उघडत नसेल तर ती झोप नव्हे. घोरणे नेहमीसारखे न वाटता घशात पाणी गुळगुळल्यासारखे येत असेल, मध्येच श्वास थांबून मग एकदम ओढला जात असेल, मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास होत असतील, ओठांची आतली बाजू किंवा नखे निळसर-राखाडी दिसत असतील, तर क्षणाचाही विचार न करता १०८ ला फोन करायचा. आपल्या सावळ्या रंगात चेहऱ्यावरचा निळेपणा लवकर दिसत नाही, म्हणून ओठ आतून पाहायला सांगतो आहे.

रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला डाव्या कुशीवर वळवावे, वरचा गुडघा पुढे दुमडून ठेवावा आणि हनुवटी किंचित वर करावी, म्हणजे उलटी झाली तरी बाहेर पडेल. एकाने सतत जवळ बसून श्वास मोजत राहावे. श्वास थांबला किंवा मासा तडफडावा तसे नुसते आचके येऊ लागले, तर पाठीवर कडक जमिनीवर घेऊन छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाब देत राहावे. ज्याला तोंडाने श्वास देता येतो त्याने तोही द्यावा, कारण अशा रुग्णात बहुधा आधी श्वास थांबतो आणि हृदय नंतर.

उलट चित्रही ओळखून ठेवा. माणूस बेभान झाला आहे, अंग भाजते आहे, जबडा आवळला आहे, छातीत दुखते आहे, तर तो पावडरीचा जोर आहे. तेव्हाही १०८ च. तोवर कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसून वारा घालावा, बांधून किंवा दाबून धरू नये आणि शांत करण्यासाठी म्हणून आणखी गोळी मुळीच देऊ नये.

पुष्कळांची अशी समजूत असते की रुग्णालयात उतारा देतात आणि माणूस उठून बसतो. अफूच्या जातीच्या औषधांवर नॅलोक्सोन हा उतारा आहे, पण त्याचा परिणाम अर्धा ते दीड तास टिकतो आणि दारूवर किंवा अल्प्राझोलमवर तो चालतच नाही. अल्प्राझोलमच्या जातीवर फ्लुमाझेनिल आहे, पण सोबत उत्तेजक पदार्थ घेतलेला असेल किंवा रुग्ण रोज गोळ्या घेणारा असेल, तर ते दिल्याने झटके सुरू होऊ शकतात. गोळीने जे दाबून ठेवलेले असते ते एकदम मोकळे होते. म्हणून मिश्रण घेतलेल्या रुग्णाला ते आम्ही सहसा देत नाही. औषध आपोआप उतरेपर्यंत श्वास सांभाळतो, आणि त्यासाठी कधी दोन-दोन दिवस कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते.

उत्तर: धाकट्याची_ताई (सांगली)

डॉक्टर, आपले आणि नाशिकच्या दादांचे मनापासून आभार. आपले पहिले उत्तर मी भावाला जसेच्या तसे पाठवले. पहाटेच्या वेळेबद्दल वाचून तो गप्प झाला. नंतर त्याने सांगितले की मागे एकदा त्यांच्यातला एक जण असाच उठत नव्हता, आणि पोलीस येतील या भीतीने कोणी फोन केला नाही. सुदैवाने तो दुपारी स्वतःच उठला. ही भीती खरी आहे का? दुसरे म्हणजे, अल्प्राझोलम तो आता केवळ शनिवारी घेत नाही, इतर रात्रीही एखादी घ्यावी लागते असे तो म्हणाला. मी त्याला उद्यापासून सगळेच बंद करायला सांगू का?

उत्तर: समुपदेशक_पुणे

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते तातडीचे आहे. पावडर आजपासून बंद केली तर अंग गळून जाणे, खूप झोप येणे, उदास वाटणे असे काही दिवस होईल, पण त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. मात्र ते दिवस त्याने एकट्याने काढू नयेत, कारण या काळात मनात टोकाचे विचारही येऊ शकतात. अल्प्राझोलमचे तसे नाही. ज्याला ती बरेच दिवस रोज किंवा बहुतेक रात्री घेण्याची सवय लागली आहे, त्याने ती एकाएकी सोडली तर हात थरथरणे, झोप पूर्ण उडणे, भास होणे, इथपासून झटके येण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. रोज पिणाऱ्याने दारू एकदम सोडली तरी तसेच होते. म्हणून गोळी मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची असते, आणि ती कमी होत असताना दारू पूर्ण बंद असावी लागते. ‘उद्यापासून सगळे बंद’ असे वचन कृपया त्याच्याकडून घेऊ नका. या आठवड्यात डॉक्टरांना भेटायचे, एवढेच वचन घ्या.

पोलिसांची भीती अगदीच निराधार नाही, पण जेवढी समजली जाते तेवढी ती खरीही नाही. अमली पदार्थ सेवन करणे हा अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि अशा रुग्णाची नोंद रुग्णालयात पोलीस प्रकरण म्हणून होऊ शकते. मात्र त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनी व्यक्तीवर सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असेल आणि ती स्वखुशीने सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेण्यास तयार असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते; उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येते. १०८ वर फोन करणाऱ्याला पत्ता, रुग्णाची स्थिती आणि काय घेतले आहे एवढे सांगायचे असते. नोंद झाली तर वकील पाहता येतो, जामीन होतो. मित्राला कुशीवर वळवून फोन न करता वाट पाहणाऱ्या मुलांना नंतर जे सोसावे लागते, ते मी समोर बसून ऐकले आहे आणि त्यावर माझ्याकडे काही उपाय नसतो.

भावाशी बोलायची वेळ जपून निवडा. रविवारी दुपारी, सगळे उतरत असताना, तो चिडलेला आणि खचलेला असतो, तेव्हा केलेली बोलणी भांडणावर जातात. आठवड्याच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी बोला. ‘का घेतोस’ याऐवजी ‘झोप कधीपासून लागत नाही’ इथून सुरुवात केलीत तर तो बोलेल, असा माझा अनुभव आहे, कारण त्याला स्वतःला खुपणारी गोष्ट तीच आहे. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करते. केंद्र सरकारच्या १४४४६ या क्रमांकावर व्यसनमुक्तीसाठी आणि १४४१६ या टेलिमानस सेवेवर मानसिक आरोग्यासाठी विनामूल्य बोलता येते. तुम्ही स्वतःसाठीही फोन केलात तरी चालतो. घरात हे ओझे एकट्या तुमच्या डोक्यावर आहे, तेही कमी नाही.

उत्तर: न्यू_जर्सीतून_मावशी

ज्यांची मुले अमेरिकेत शिकायला आहेत त्यांच्यासाठी थोडे लिहिते. २०२१ मध्ये इथे अमली पदार्थांच्या अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसे गेली आणि त्यांतल्या बहुतेकांच्या शरीरात फेन्टानिल, म्हणजे अफूच्या जातीचे अतिशय तीव्र औषध, होते. कोकेनमध्ये किंवा झोपेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बनावट गोळ्यांत ते मिसळलेले असते, त्यामुळे आपण केवळ उत्तेजक पदार्थ घेतो आहोत असे समजणारा मुलगाही नकळत मिश्रणच घेत असतो. मार्च २०२३ पासून नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी आहे. मुलगा अशा बैठकीच्या आसपासही जात नसला तरी वसतिगृहाच्या खोलीत तो ठेवायला सांगा. फवाऱ्याने शुद्ध आली तरी ९११ ला फोन करायचाच, कारण वर डॉक्टर म्हणाले तसा त्याचा परिणाम अर्ध्या ते दीड तासातच, म्हणजे फेन्टानिलच्या आधी, संपू शकतो.

उत्तर: धाकट्याची_ताई (सांगली)

भाऊ येत्या गुरुवारी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला तयार झाला आहे. मी सोबत जाणार आहे. अधूनमधून छातीत धडधडते म्हणून हृदयाची तपासणीही करून घेऊ म्हणतो. तिथल्या डॉक्टरांना सगळे खरे सांगणे आवश्यक आहे का, की नुसते ‘ताण आहे’ म्हटले तर चालेल?

उत्तर: भूलतज्ज्ञ_कोल्हापूर

सगळे खरे सांगावे, आणि पदार्थांच्या नावांसकट सांगावे. धडधड आणि वाढलेला रक्तदाब एवढेच समोर ठेवले तर डॉक्टर नाडी आणि रक्तदाब उतरवणारी बीटा-ब्लॉकर जातीची गोळी लिहून देऊ शकतात. उत्तेजक पदार्थ नुकताच घेतलेला असेल तर ती सहसा टाळतात, कारण रक्तवाहिन्या आणखी आकसून रक्तदाब वर जाण्याची भीती असते. ताणावर म्हणून कोणी आणखी एखादी शामक गोळी लिहिली, तर त्याच्याकडे आधीच असलेल्या गोळ्यांत ती मिळेल. कधी भूल द्यायची वेळ आली तरी हे आम्हाला माहीत असावे लागते.

ईसीजी, रक्तदाब, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर टूडी-इको व यकृताच्या रक्ततपासण्या होतील. गुरुवारी काढलेला ईसीजी निर्दोष आला तर चांगलेच आहे, पण तो गुरुवारचा असतो. रविवारी पहाटे नाडी १४० ला गेलेली असताना हृदयाचे काय होते, हे त्यात दिसत नाही, एवढे त्याला आधीच सांगून ठेवा. जाताना गोळ्यांची स्ट्रिप सोबत न्या, मागचे औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम डॉक्टरांना पाहू द्या, आणि आठवड्यातून किती रात्री, किती गोळ्या, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावे. कमी करण्याचे वेळापत्रक त्याच आकड्यांवरून ठरते.